काही न करणारं धूड

आमच्या घरी टॅबवर एक खेळ आहे. पाठीवर पिशवी अडकवलेला एक टीचभर माणूस फळकुटांवरून, दगडांवरून, वेळ पडली तर ढगांवरूनही उड्या मारत पुढं जातो आणि वाटेत सांडलेले दिवे गोळा करतो. दिवे कुणी सांडले आणि यानंच ते का गोळा करायचे, हे त्या खेळात कुणी विचारत नाही. उडी चुकली की खड्डा, खड्ड्यात पडलं की टप्पा पहिल्यापासून. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं पाच टप्पे दोन दिवसांत उडवले. सहाव्या टप्प्यात धूड आलं आणि आमचं सगळं घर अकरा दिवस तिथंच अडकलं.

धूड हा शब्द माझ्या बायकोचा. खेळात त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे, ते आमच्यापैकी कुणी धड वाचलेलंही नाही. पुढं उडी पोहोचणार नाही एवढी रुंद दरी, मागं खड्डा, आणि मधल्या अरुंद कड्यावर आपला टीचभर माणूस. अशा जागी आधी ढोल वाजतात, मग पडदा थरथरतो, मग त्या दरीतून हे जनावर चालत येतं. दरीत कमरेपर्यंत बुडालेलं असूनही अर्धा पडदा व्यापतं. रंग ओल्या कातळाचा, पाठीवर शेवाळ, आणि एवढ्या मोठ्या अंगाला डोळे म्हणजे दोन बारीक ठिपके.

मुलगी त्याला बघून मागं सरकली आणि खड्ड्यात पडली. बायकोनं त्याच्यावर दगड फेकले. दगड त्याला लागून खाली पडत आणि ते आपलं चालत राही. तीही मागं सरकत सरकत खड्ड्यात गेली. मी तर ढोल वाजायला लागले की टॅब मुलीच्या हातात देऊन पाणी प्यायला उठत होतो. शेवटी एका रविवारी मेहुण्याला बोलावलं. माझा मेहुणा दर वाढदिवसाला चौकात स्वतःचा फ्लेक्स स्वतःच लावतो आणि खाली 'शुभेच्छुक मित्रपरिवार' असं लिहितो. जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं त्याला कळतं. त्यानं गॉगल कपाळावर सरकवला, पलंगावर मांडी ठोकली आणि म्हणाला, "दाजी, असल्या प्रत्येकाचा एक वीक पॉइंट असतोय. पोटाखाली घुसायचं आन तितं हाणायचं. बघा तुमी निस्तं."

आम्ही निस्तं बघितलं. मेहुणा दुपारच्या जेवणापर्यंत खड्ड्यात पडत राहिला. पोटाखाली घुसायची हिंमत त्याला एकदाही झाली नाही. ऐन वेळेला त्याचा अंगठा आपोआप मागं सरके. "ह्याचा टच खराब हाय," असा निकाल देऊन त्यानं मटणावर ताव मारला आणि तो निघून गेला.

कोडं सुटलं ते दुधामुळं. बायको खेळत होती, ढोल सुरू झाले होते, तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं. तिनं टॅब तसाच ओट्यावर ठेवला आणि ती पातेल्याकडे धावली. "आई, मेलीस तू!" मुलगी ओरडली. पण मेलं कुणीच नाही. धूड आलं, त्या टीचभर माणसापाशी थांबलं, मान खाली घातली, त्याला डोक्यावर घेतलं आणि दरीतून चालत जाऊन पलीकडच्या काठावर नीट उतरवून दिलं. मग वळलं आणि आल्या वाटेनं निघून गेलं.

"अगं, हे तर काहीच करत नाही!" बायको फडकं हातात धरून म्हणाली.

मुलीनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "बाबा!" एवढंच ती म्हणाली आणि दोघी ओट्याला धरून हसत सुटल्या. कारण धूड हा शब्द बायकोनं त्या दिवशी शोधलेला नव्हता. लग्न झाल्यापासून तो ती माझ्यासाठीच वापरत होती.

माझी उंची सहा फूट तीन इंच आहे आणि रुंदी त्या हिशेबानं. रिक्षात बसलो की रिक्षावाला आधी टायरकडे बघतो. मिशा आहेत, त्याही मी ठेवल्या म्हणून नाही, तर लहानपणी चुलत्यांनी "ऱ्हाऊ दे, शोभत्यात" म्हटलं म्हणून. आवाज मात्र देताना देवानं हात आखडला. फोनवर लोक मला ताई म्हणतात. मी पालीला भितो, इंजेक्शनला भितो, आणि बँकेत मागं रांग असली की माझी सही बदलते. कुणाला एक चापट मारल्याचं मला आठवत नाही. हे माझ्या घरच्या दोघींना आणि माझ्या चुलत्यांना पक्कं माहीत आहे. बाकी जगाला माहीत नाही, आणि त्यावरच माझं सगळं चाललेलं आहे.

आमच्याकडे भांडणाला जाताना तीन गोष्टी न्याव्या लागतात. एक कागद, एक बोलणारा माणूस आणि एक उभा राहणारा माणूस. कागद कच्चा असला, बोलणारा अडखळला, तरी उभा राहणारा चांगला असला की भागतं. सतराव्या वर्षापासून मी उभा राहणारा माणूस आहे. पहिल्यांदा मला नेलं चुलत्यांनी, माळशिरस तालुक्यातल्या आमच्या गावी, उसाच्या बांधावर.

"तू काय बोलायचं न्हाय," चुलते वाटेत म्हणाले. "निस्ता हुबा ऱ्हा. बोललास की समदं इस्काटतंय बघ."

मी उभा राहिलो. चपलेतून बाभळीचा काटा टाचेत शिरला होता, त्यामुळं तोंड वेडंवाकडं झालं होतं. समोरच्यांना वाटलं, पोरगं पेटलंय. त्यांनी बांध दोन हात मागं घेतला. ते दोन हात आमचे होते की त्यांचे, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही. घरी आल्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला दोन प्लेट भजी मिळाली.

त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. सोलापूरला आलो तरी लोकांनी मला शोधून काढलंच. सात रस्ता चौकातल्या एका दुकानात मेहुण्याचा फोन बदलून घ्यायला मी उभा राहिलो. फोन मेहुण्यानंच पाण्यात पाडला होता, पण दुकानदारानं माझ्याकडे एकदा बघितलं, फोन बदलून दिला आणि वर काच लावून दिली. चुलतबहिणीच्या बैठकीत मला दाराशी उभं केलं, तर पाहुणे चहा अर्धा टाकून उठले आणि ते स्थळ मोडलं. आमच्या इमारतीत पार्किंगची मीटिंग असली की चेअरमन आदल्या दिवशी येऊन सांगतात, "तुम्ही पहिल्या रांगेत बसा. बोलू नका." हे 'बोलू नका' मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की माझ्या आवाजाबद्दल गावोगाव आपसांत काही ठरलं असावं.

मला याचं वाईट वाटत नव्हतं, हे कबूल करतो. उलट मजा वाटायची. आपण काही करत नाही आणि कामं होतात, यापेक्षा सुखाची नोकरी कुठली? मला कुणी विचारलं असतं, की तू लोकांना भीती घालतोस का, तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. मी फक्त उभा राहत होतो.

पण मला सांगायचंय ते आमच्या कारखान्यातल्या मामांच्या खोलीबद्दल. ती त्यांच्याकडे राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा एक कारखाना आहे, तिथं मी डिझाईन काढतो. काम असं, की चादरीवरचं फूल असो की मोर, तो आधी बारीक चौकोनांत भरायचा. एक चौकोन म्हणजे एक धागा वर किंवा खाली. आता हे संगणकावर होतं. मी लागलो तेव्हा कागदावर, रंगाच्या ब्रशनं होत होतं. एवढं मोठं धूड नाकाला कागद लावून तीळभर चौकोन रंगवत बसलेलं बघायला शेजारच्या कारखान्यातले कामगार डबा खाऊन यायचे.

माझं पहिलंच डिझाईन चादरीवरच्या हरणांचं होतं. डिझाईनचा खास कागद संपला होता, म्हणून मी हुशारी केली आणि शाळेच्या दुकानातून आलेख वही आणली. चौकोन तो चौकोन, त्यात काय एवढं! दोन दिवस खपून सात हरणं काढली, पळणारी, मान वळवून बघणारी. मागावरून चादर उतरली तेव्हा तिच्यावर सात डुकरं होती. आखूड पायांची, फुगीर पोटांची, मान वळवून बघणारी. आडवे धागे उभ्या धाग्यांपेक्षा दाट बसतात, त्यामुळं चित्र वरून दबतं. म्हणून डिझाईनच्या कागदावरचे चौकोन मुळातच चौरस नसतात, बसके असतात. हे मला समजावून सांगितलं ते मागावरच्या मामांनी. मालक यायच्या आत त्यांनी ती चादर कापून काढली, घडी घातली आणि आपल्या खोलीत नेऊन टाकली. माझी नोकरी त्या दिवशी मामांनी वाचवली आणि त्याचा पुन्हा कधी शब्दही काढला नाही.

मामा तेलुगू घरातले. कारखान्यातले सगळे त्यांना मामाच म्हणतात, मालकसुद्धा. शेडच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली आहे, ती त्यांना थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, दिलेली. कागद नाही, काही नाही, तोंडी. "मामा, तुम्ही आहात तोवर ही तुमची," एवढंच. मामा आणि मामी तिथं बावीस वर्षं राहिले. मुलगी लग्न होऊन लांब तेलंगणात गेली. मामींचे गुडघे गेले, तेव्हा मामांनी खोलीपासून नळापर्यंत भिंतीला लोखंडी पाइप ठोकून दिला. तो धरून त्या पाण्याला जात.

आताचे मालक उंचीनं पाच फूट दोन इंच आणि बोलायला लोणी. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. प्रत्येक वाक्यात एकदा 'आपलं कुटुंब' येतं. कुणाला कामावरून कमी करायचं असलं की दोनदा येतं. कुठं अवघड बोलणी असली की ते मला बरोबर नेत आणि माझ्या हातात एक फाईल देत. फाईल रिकामी असे. "तुम्ही फक्त उभं राहायचं," ते म्हणत, "बाकी मी बघतो." आणि ते खरोखर बघत.

तर, धूड काही करत नाही हे घरात कळल्यावर मुलीनं हट्ट धरला की तिला धुडाचा टॉवेल पाहिजे. मी जेवणाच्या सुट्टीत संगणकावर ते काढलं. या वेळी चौकोनांचं प्रमाण नीट धरलं होतं. मामांनी नमुन्याच्या मागावर एकच टॉवेल विणून दिला. उतरलेला टॉवेल उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे काय करते?" त्यांनी विचारलं.

"काही करत नाही, मामा. लोकांना उगाच भीती वाटते."

"काहीच नाय?"

"नाही."

"मग येवढं मोठं कशाला केलेत त्याला?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. कापडात एक धागासुद्धा कारण नसताना घालायचा नाही, ही त्यांची सवय. मी टॉवेल घडी करून पिशवीत टाकला.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवे माग यायचे होते, त्यांना जागा कमी पडत होती, मागची भिंत पाडून शेड वाढवायची होती. हे सांगताना 'आपलं कुटुंब' दोनदा आलं. "चला, जरा मामांकडे जाऊन येऊ," मालक म्हणाले आणि फाईल माझ्या हातात दिली.

कशाला जायचंय ते मला कळलं होतं. हे लिहिताना मला कळलं नव्हतं असं म्हणायचा मोह होतोय, पण कळलं होतं. मी मनाशी म्हटलं, आपण कुठं काय करणार आहोत? आपण तर नुसते उभे राहणार. आणि मी गेलो.

खोलीचं दार बुटकं. आत मालक बसले, मामा बसले, मामी भिंतीला टेकून. मला आत जागा नव्हती, म्हणून मी दारात उभा राहिलो. त्याबरोबर खोलीतला उजेड गेला आणि मामींनी भर दुपारी बल्ब लावला. खाटेवर माझी सात डुकरं अंथरलेली होती. धुऊन धुऊन रंग उडालेला, पण माना अजून वळलेल्याच. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी फाईल या हातातून त्या हातात घेतली आणि तिथंच थांबलो.

मालक गोड बोलले. वडिलांची आठवण काढली, डोळेही पुसले. मामा त्यांच्याकडे बघत ऐकत होते. एकदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. बाजारात ओळखीचा माणूस अनोळखी माणसाबरोबर दिसला की आपण बघतो, तेवढंच ते बघणं होतं. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. मालकांनी आठ दिवसांची मुदत दिली, "शनिवारी येतो, कागद करून आणतो" असं म्हणाले आणि चहा नको म्हणून उठले. मामींनी माझ्या हातात कप दिलाच. मी तो प्यायलो. उभ्या उभ्याच.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. "मी काहीच केलं नाही गं," मी म्हणालो.

"तुम्ही कधी काय केलंय?" ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मुलगी पलंगावर खेळत बसली होती. ती आता धुडाच्या टप्प्यावर मुद्दाम परत परत जायची, डोक्यावर बसायला मिळतं म्हणून. पडद्यावरून नजर न काढता तिनं विचारलं, "बाबा, त्याला माहीत असतं का, की आपल्याला बघून लोक खड्ड्यात पडतात म्हणून?"

"खेळ आहे तो. त्याला काय माहीत असणार?"

"पण माहीत असेल तर?"

मी तिला गृहपाठ झाला का ते विचारलं.

त्या आठवड्यात मी मालकांना नाही म्हणायचं ठरवलं. बाथरूममध्ये आरशासमोर सराव केला. 'मालक, हे बरोबर नाही. थोरल्या मालकांनी शब्द दिला होता.' माझ्याच आवाजात ऐकलं तर ते वाक्य एखाद्या मुलीनं शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटल्यासारखं वाटायचं. म्हणून मी ते छोटं केलं. 'मालक, मी येणार नाही.' चार शब्द. बुधवारी ते चार शब्द घेऊन मी केबिनच्या दारापर्यंत गेलो. मालकांनी मान वर केली. "बोला," ते म्हणाले. मी विचारलं, "निळ्या सुताचा लॉट कधी येतोय?" ते म्हणाले, शुक्रवारी. मी आभार मानले.

गुरुवारी पुन्हा गेलो, तेव्हा लाल सुताचं विचारलं.

शनिवारी सकाळी मी फोन करून सांगितलं, अंगात ताप आहे, येऊ शकत नाही. बायको समोर उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी तिला समजावलं, की यात डोकं आहे. मी नसलो तर मालकांचं काय चालणार? पाच फूट दोन इंचांच्या माणसाला कोण भितंय? मामा नाही म्हणतील आणि विषय मिटेल. ना भांडण, ना आवाज. मी हे इतकं रंगवून सांगितलं की शेवटी मलाच ते शौर्य वाटायला लागलं. दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिलो. एवढ्या अभिमानानं मी आयुष्यात कधी झोपलो नव्हतो. बायकोनं दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा तापाचं सोंग नीट वठावं म्हणून मी फक्त दोन वेळा भात घेतला.

सोमवारी कामावर गेलो तर शेडच्या मागं टेम्पो उभा होता. खाट त्यात चढली होती, डबे चढले होते, गॅसची शेगडी एका पोत्यात बांधलेली. मामी टेम्पोत पुढं बसल्या होत्या. मामा मागं दोरी आवळत होते. भिंतीवरचा लोखंडी पाइप तेवढा जागेवर होता.

"मामा," मी म्हणालो. "हे काय? तुम्ही सही केलीत?"

"केलो," मामा म्हणाले. "हिच्या बहिणीकडे एक खोली हाय गावात. दुसऱ्या मजल्यावर." त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली. "मी नाय म्हणणार होतो. दोन दिवस बसून ठरविलो होतो आमी. मालक शनिवारी आले. एकटेच आत आले. म्हणाले, डिझायनर बाहेर हुबा हाय. उगाच त्याला आत बोलवायला लावू नका."

मी विचारलं, "आणि तुम्ही बाहेर बघितलंही नाही?"

"कशाला बघायचं? तुमी असतातच की."

ते हे सहज म्हणाले, टोमणा म्हणून नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी फोन करून घरी झोपलो आणि तरीही तिथं उभा होतो. मालकांना माझी गरजच नव्हती; इतकी वर्षं उभं राहून मी जी भीती साठवून ठेवली होती, तेवढी त्यांना पुरली.

"मालक गेल्यावर ही तांब्या घेऊन बाहेर आली," मामा पुढं सांगत होते. "म्हणली, पोरगं उन्हात हुबं हाय, पाणी तरी देते. शेडला वळसा घालून बघितली. मग गेटपर्यंत गेली. येताना लई वेळ लागला तिला, तितं धरायला काय नाय. तुमी कुटं दिसला नाय."

मी टेम्पोत बसलेल्या मामींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, रोज हलवायच्या तशीच.

"मी घरी होतो, मामा," मी म्हणालो. एवढं खरं होतं, आणि मी तिथंच थांबायला हवं होतं. पण ते तोंडातून गेलंच. "अंगात ताप होता."

मामांनी दोरीचं टोक टेम्पोच्या कडीत अडकवलं. मग टाचा उचलून हात वर केला. मी वाकलो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, आधी तळहात, मग उलटा हात, नीट, घाई न करता.

"आता उतरलाय," ते म्हणाले. "पण आज उन्हात हुबं राहू नका."